दुरुस्ती नाही, तरी तपासणीचे पैसे?

प्रश्न : माझ्या आठ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून तासभर तपासणी केली आणि खर्चाचा अंदाज दिला. मी काम करून घेतले नाही, तरी त्याने 600 रुपये मागितले. आधी मात्र तो काहीच बोलला नव्हता. हे पैसे कशाचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तासभराच्या श्रमाचे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचायला पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढ्यासाठीच कोणी भरमसाट रक्कम मागत असेल तर तुमची कुरकुर रास्त आहे. परंतु कोड म्हणजे निदान नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी 0171’ हा कोड इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच सांगतो. हवेच्या नळीला चीर गेली आहे, हवा मोजणारा सेन्सर मळला आहे की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाचा दाब घटला आहे, हे एकेक जोडणी तपासूनच शोधावे लागते. ‘सेन्सर बदलून बघू’ म्हणणारा मेकॅनिक तपासणी फुकट करतो खरा, पण त्याचा अंदाज चुकला की भुर्दंड तुम्हालाच बसतो.

रक्कम आधी न सांगणे ही मात्र गॅरेजवाल्याची चूकच. बॉनेट उघडण्यापूर्वीच तपासणीचा आकार किती आणि तिथेच दुरुस्ती केल्यास तो बिलातून वजा होईल का, हे विचारून घ्यावे. पैसे दिल्यावर कोड व निष्कर्ष लिहिलेली पावती मागा; सेवेचे बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, शिवाय तोच कागद दुसऱ्या गॅरेजात दाखवता येतो.