प्रयोगशाळेत बदललेल्या पेशींचा उपचार तोंडाच्या कॅन्सरवर चालतो का?

आपण परळी तालुक्यातून विचारले आहे की, वडिलांच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला असून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि नंतर शेक (रेडिएशन) सांगितले आहेत. त्याऐवजी शरीरातल्याच पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याच्या मुंबईतील उपचारासाठी शेत विकावे का. उत्तर आधीच देतो: या आजारासाठी शेत विकू नये आणि शस्त्रक्रियेची तारीख तर मुळीच पुढे ढकलू नये.

मी छत्रपती संभाजीनगरातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि दात्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट वेगळ्या काढणारे यंत्र चालवतो. आपण म्हणता त्या कार-टी उपचाराची पहिली पायरी अशाच यंत्रावर होते. रक्त यंत्रात वेगाने फिरवले की घटक वजनाप्रमाणे थरांत वेगळे होतात, तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा यांच्यामधला पातळ पांढुरका थर ओढून घेतला जातो आणि बाकीचे रक्त त्याच माणसाला परत मिळते. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरते, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात का हे आम्ही सतत विचारत राहतो.

खरे काम त्यानंतर सुरू होते. या थरातील टी-पेशी, म्हणजे रोगट पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करून निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक जनुक घातले जाते. त्यामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर असा रिसेप्टर (ओळख पटवणारा रेणू) उगवतो, जो सीडी१९ नावाचे प्रथिन ओळखतो, आणि मग टी-पेशी ते धारण करणाऱ्या पेशीला मारते. अशा पेशी वाढवून गोठवल्या जातात, रुग्णाला काही दिवस केमो दिली जाते आणि मग त्या शिरेतून सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण ती बी-पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर किंवा बी-पेशींचा तीव्र रक्तकर्करोग औषधांना दाद देत नसेल अथवा उलटला असेल, अशाच रुग्णांसाठी आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत नेमके हेच सांगितलेले नसते.

तोंडाच्या कॅन्सरला तो का लागू पडत नाही? सीडी१९ हे प्रथिन रोगट बी-पेशींवर असते तसे निरोगी बी-पेशींवरही असते. उपचारात दोन्ही मारल्या जातात, तरी माणूस तग धरू शकतो, कारण अँटिबॉडीची उणीव इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांनी बरीच भरून काढता येते. वडिलांच्या अहवालात बहुधा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असे लिहिलेले असेल. त्या पेशींवर सीडी१९ नसतेच, आणि त्यांच्यावरची बरीचशी इतर प्रथिने तोंडाच्या, अन्ननलिकेच्या, त्वचेच्या चांगल्या पेशींवरही असतात. त्यांच्यावर टी-पेशी सोडल्या तर त्या अन्ननलिकाही सोलून काढतील, आणि ते नुकसान बी-पेशींसारखे इंजेक्शनांनी भरून काढता येत नाही. शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरलेल्या टी-पेशींना तिथले वातावरणच निष्प्रभ करते. जगभर यावर संशोधन चालू आहे, पण आज आपल्या वडिलांना देता येईल असे त्यातून हाती आलेले नाही.

ज्यांना तो लागू आहे त्यांनाही तो सोपा नाही. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो, जो परदेशातील किमतीच्या मानाने फार कमी असला तरी आपल्या भागातील कुटुंबाला झेपणारा नव्हे. आणि पेशी दिल्यावर तीव्र ताप, रक्तदाब उतरणे असे धोके असल्याने सुसज्ज रुग्णालयातच राहावे लागते.

इम्युनोथेरपीची इंजेक्शने हा वेगळा प्रकार आहे. त्यांत पेशी बदलत नाहीत, तर शरीरातील टी-पेशींवरचा अटकाव काढतात. पसरलेल्या किंवा उलटलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा उपयोग होतो, आणि कमी मात्रेतही फायदा होतो हे टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी दाखवले आहे. पुढे तशी वेळ आली तर डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

तूर्त बायोप्सीचा अहवाल, स्कॅन, रेशन कार्ड आणि आधार घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जावे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरचे शेक साधारणपणे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात, आणि शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरता भरत नाही. म्हणून किडलेले दात आत्ताच दाखवून घ्यावेत.