फ्रिक्वेन्सी पडली म्हणजे नक्की काय पडलं?

प्रश्न : आमच्याकडे फीडर (आमच्या भागाला वीज आणणारी लाईन) गेला की लाईनमन म्हणतो, "वरूनच फ्रिक्वेन्सी पडली." हे खरं कारण की टोलवाटोलवी? आणि 2012 ला निम्मा देश अंधारात होता तेव्हा आमचे पंखे कसे चालू होते? इंटरनेटपण असं बसू शकतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कधीकधी खरं असतं हो. ग्रीडमध्ये, म्हणजे वीज केंद्रं आणि लाईनींच्या जाळ्यात, वीज साठवायची सोय फारच थोडी, त्यामुळे जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. जात्यावर दोघीजणी दळताना एकीने हात काढला तर जातं लगेच थांबत नाही, वजनामुळे फिरत राहतं पण जड जातं, आणि ते दुसरीला हातालाच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. देशभरातले टर्बाइन असेच एका लयीत फिरतात, 50 हर्ट्झवर, म्हणजे वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते; हीच फ्रिक्वेन्सी. लोड वाढला की सगळेच किंचित मंदावतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी पडते, मग गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारं यंत्र) वाफ नाहीतर पाणी वाढवतो. तरीही फ्रिक्वेन्सी खालीच जात राहिली तर रिले, म्हणजे धोका दिसला की वीज तोडणारी उपकरणं, काही फीडर आपोआप तोडतात, म्हणजे बाकीचे तरी वाचतात.

आता 2012. 30 जुलैच्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि उत्तरेचा ग्रीड बसला. गंमत म्हणजे लाईनला काही झालेलंच नव्हतं! करंट खूप, व्होल्टेज कमी, हे बघून रिलेला वाटलं लांब कुठेतरी शॉर्ट झालाय, आणि तिने आपली ड्युटी केली. एक लाईन गेली की तिचा भार बाजूच्यांवर, मग त्याही जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच, आणि यावेळी पूर्व आणि ईशान्यही गेले, मिळून 60 कोटींवर लोक. पण आपला पश्चिम ग्रीड त्यांच्यापासून तुटून वेगळा पडला, आणि आपल्याकडे वीज जास्तच होती, त्यामुळे इथे फ्रिक्वेन्सी पडायच्या ऐवजी वर गेली. म्हणून तुमचे पंखे चालू.

इंटरनेट तर एकदा खरंच बसलंय. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला स्पीड सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर आला. 32 हजारांवरून चाळीस! आणि अंतर किती, तर 400 यार्ड, हाक मारली तर ऐकू जाईल. झालं असं की पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पोचलं नाही की प्रत्येक मशीन तेच परत पाठवायचं, त्याने गर्दी अजून वाढायची, अजून पॅकेट हरवायची. त्याच लॅबमधल्या व्हॅन जेकबसन या संशोधकाने 1988 च्या पेपरमध्ये उपाय मांडला : पॅकेट हरवलं की आपण हात आखडायचा, मग हळूहळू वाढवायचं. जात्यावरच्या दुसऱ्या बाईसारखंच, वर बसून हुकूम देणारं कुणी नाही.

सध्या संशोधक अडलेत ते सोलरपाशी, कारण पॅनेलमध्ये फिरणारं वजनच नाही, त्यामुळे जातं हलकं होत चाललंय आणि आता इन्व्हर्टरलाच (पॅनेलची वीज ग्रीडला चालेल अशी करणारं उपकरण) टर्बाइनसारखं वागायला शिकवायचं चाललंय.

आणि तुमचा लाईनमन. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिण ग्रीडही जोडला गेला, तेव्हापासून देशाची फ्रिक्वेन्सी एकच. त्याला विचारा, कितीवर पडली? 49.9 म्हणाला तर टोलवतोय, तेवढ्याला रिले फीडर तोडत नाही. आणि खरंच खूप पडली असेल तर ती दिल्ली-चेन्नईतही त्याच क्षणी पडलेली असणार, नुसती तुमच्या गल्लीत नाही.