रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

प्रश्न : एका छोट्या वस्तुसंग्रहालयाचं संकेतस्थळ मी एकटाच सांभाळतो. वस्तूचं नाव, वर्णन, काळ, मोजमाप, फोटो ही माहिती ॲडमिन पॅनलमधून आजवर इंग्रजीत भरली. आता तीच मराठी, हिंदी आणि उर्दूतही हवी आहे. सगळ्या फील्ड चारपट कराव्यात का? फॉर्ममध्ये भाषांचे टॅब द्यावेत का? पॅनल जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या संकेतस्थळं बांधायच्या चौकटीवर, आहे.

उत्तर : सगळ्या चारपट तर अजिबात नकोत. कागद घ्या, फॉर्ममधली एकेक फील्ड वाचा आणि ‘भाषा बदलली की हे बदलतं का?’ एवढंच विचारा. नाव आणि वर्णन बदलतं. मोजमाप, नोंदणी क्रमांक, फोटो बदलत नाही. फोटोखालची ओळ मात्र बदलते, आणि ज्यांना फोटो दिसत नाही त्यांना वाचून दाखवला जाणारा पर्यायी मजकूरही बदलतो. हे दोन हमखास विसरले जातात. ‘काळ’ फसवा आहे. तिथे ‘अठरावं शतक’ असे शब्द भरत असाल तर त्याचं भाषांतर करत बसावं लागेल. ‘१७०१ ते १८००’ असे दोन आकडे साठवलेत तर एकदाच भरायचे आणि शब्द पान दाखवताना जुळवायचे.

साठवणीच्या रीती तीन. त्याच टेबलात भाषेगणिक कॉलम वाढवायचे, जसं जँगोसाठीचं मॉडेलट्रान्सलेशन हे तयार पॅकेज करतं. किंवा भाषांतरांचं वेगळं टेबल ठेवून भाषेगणिक एक ओळ लिहायची. पार्लर हे पॅकेज त्या वाटेचं. किंवा एकाच जेसन कॉलममध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्या एकत्र साठवणाऱ्या) सगळ्या भाषा कोंबायच्या, जी रीत पीएचपी भाषेतली लाराव्हेल ही चौकट वापरणाऱ्यांना आवडते. भाषा सतत वाढणार असतील तर दुसरी रीत बरी. तुमच्या भाषा चार, माणूस एक. तुम्ही पहिली घ्या. शोध सोपा राहतो, आणि डेटाबेस उघडून नुसत्या डोळ्यांनी कळतं की काय कुठे आहे. फक्त एक लक्षात ठेवा. कॉलम वाढवल्यावर जुना इंग्रजी मजकूर आपोआप इंग्रजीच्या नव्या कॉलममध्ये जात नाही. त्यासाठी ‘अपडेट ट्रान्सलेशन फील्ड्स’ ही आज्ञा एकदा चालवावी लागते. ती विसरलात तर सकाळी संकेतस्थळावरच्या सगळ्या वस्तू निनावी झालेल्या दिसतील. मजकूर गेलेला नसतो, पण ते कळेपर्यंत घाम फुटतो.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मला यापेक्षा मोठा वाटतो. उर्दूचा रकाना रिकामा आहे, याचा अर्थ काय? भाषांतर व्हायचंय? ही वस्तू उर्दू पानावर मुद्दामच दाखवायची नाही? की इंग्रजीच वापरा असं म्हणायचंय? डेटाबेसला हे तिन्ही रकाने सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक भाषेसाठी एक छोटी ड्रॉपडाउन ठेवा : बाकी, तपासायचं, तयार, दाखवू नये. वाचकाला ‘तयार’ तेवढंच दाखवा. ‘बाकी’ आणि ‘तपासायचं’ असेल तिथे इंग्रजी दाखवा आणि ते इंग्रजी आहे असं स्पष्ट लिहा. शिवाय ‘तयार’ म्हटलं त्या वेळची तारीख साठवा. पुढे कोणी इंग्रजी वर्णन दुरुस्त केलं की तारखांची तुलना करून पॅनल सांगू शकतं : मराठी जुनं झालंय, बघा.

इथेच माझी एक चूक कबूल करते. एका कामात मी भाषांतर करणाऱ्यांची सोय म्हणून मराठीच्या रिकाम्या रकान्यात आधीच इंग्रजी मजकूर भरून ठेवला होता. त्यावरच टंकावं, अशी कल्पना. लोकांनी एखादा फोटो बदलला, सेव्ह दाबलं, आणि ते इंग्रजी ‘मराठी भाषांतर’ म्हणून साठलं. काय खरं आणि काय मी भरलेलं, हे मग एकेक नोंद उघडून शोधत बसले. मूळ मजकूर शेजारी वाचायला ठेवा, रकान्याच्या आत नको.

आता टॅब. दिसायला नीटस, वापरायला जाच. भाषांतर करणाऱ्याला मूळ आणि भाषांतर एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतं. टॅब दिले की तो दर वाक्याला इकडून तिकडे उड्या मारतो. माझं मत : डावीकडे इंग्रजी कायम, उजवीकडे निवडलेली भाषा. टॅब द्यायचेच तर उजव्या बाजूपुरते.

आणि टॅबमागे लपलेल्या फील्डवर ‘आवश्यक’ हा गुणधर्म लावू नका. मी लावला होता. माहिती भरणाऱ्या बाई दोन दिवस सेव्ह दाबत होत्या आणि काहीच घडत नव्हतं. त्यांनी माउस बदलून पाहिला. झालं असं होतं, की हिंदीच्या बंद टॅबमधली फील्ड रिकामी होती. ब्राउझर फॉर्म अडवून कर्सर तिथे न्यायला बघत होता, पण लपलेल्या फील्डवर कर्सर जाऊ शकत नाही. तक्रार फक्त कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रोग्रॅमरांसाठीच्या खिडकीत, उमटत होती, आणि कन्सोल त्या कशाला उघडतील? मॉडेलट्रान्सलेशनमध्ये कोणत्या भाषा सक्तीच्या ते ठरवता येतं. तुम्ही फक्त इंग्रजी ठेवा. बाकीची तपासणी सर्व्हरवर करा, आणि चूक असलेला टॅब स्वतःहून उघडून त्यावर लाल खूण दाखवा.

उर्दूसाठी दिशा ‘उजवीकडून डावीकडे’ अशी त्या रकान्यालाच द्या. अख्ख्या पानाला दिलीत तर तुमचं पॅनलच उलटं होईल. भाषेचा गुणधर्मही प्रत्येक रकान्याला द्या, म्हणजे शुद्धलेखन तपासणीला आणि स्क्रीन रीडरला काय वाचायचं ते कळतं. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. इंग्रजीपुरत्या बेतलेल्या रकान्यात आपल्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात.

शेवटचं, फोटोंबद्दल. एका वस्तूला साठ फोटो, प्रत्येकाची ओळ आणि पर्यायी मजकूर चार भाषांत, म्हणजे तेवढ्याच ४८० फील्ड, आणि सव्वाशे फोटो झाले की १०००. एका फॉर्ममधून जँगो मुळात १००० फील्डच स्वीकारतं, त्यापुढे चूक दाखवतं. ही मर्यादा वाढवता येते, पण फोटोंचा फॉर्म वेगळा करणं जास्त शहाणपणाचं. जँगो निदान ओरडतं तरी. पीएचपीतही मूळ मर्यादा १०००चीच, पण तिथे पुढच्या फील्ड गुपचूप गळतात आणि बाकीचं सेव्ह होतं.

प्रश्न : शीर्षकावरून लिंक आपोआप तयार होते. ‘मराठी’ लिहिलं की लिंकमध्ये ‘मरठ’ येतं. फॉन्ट बदलून पाहिला.

उत्तर : फॉन्ट निर्दोष आहे. शीर्षकातून लिंक बनवणारं जँगोचं स्लगिफाय हे फंक्शन साधं वापरलं तर देवनागरी पूर्ण पुसली जाते. युनिकोडची, म्हणजे रोमनपलीकडच्या लिप्यांची, परवानगी दिली की अक्षरं राहतात, पण पायथॉनच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, जोडचिन्हं आहेत, म्हणून ती गळतात. ‘वस्तू’चं ‘वसत’ होतं. जोडचिन्हं राखणारं स्वतःचं फंक्शन लिहा, चार ओळींचं काम आहे. मी मात्र लिंकमध्ये नोंदीचा क्रमांकच ठेवते. देवनागरी लिंक कॉपी केली की अनेकदा एकेका चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द ४५ चिन्हं लांब होतो.

तुमच्या पत्रात ‘अदृश्य अक्षरं काढून टाकणारं’ एक फंक्शन जोडलं आहे. ते आजच काढा. काही कीबोर्डवर ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येतं. ते पुसलं की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि आचाऱ्यांचे आचार्य. हे शुद्धलेखन तपासणीतूनही सुटतं, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

प्रश्न : मराठीचा भाषा-कोड आम्ही ‘एमएच’ ठेवला. चालेल ना?

उत्तर : नाही. ‘एमएच’ ही मार्शलीज भाषा आहे. मराठीसाठी ‘एमआर’. पुढे कन्नड घेणार असाल तर तिथे ‘केएन’ लिहा. ‘केए’ म्हणजे जॉर्जियन. कॉलमचं नाव, लिंकमधला भाषेचा भाग आणि पानाचा भाषा-गुणधर्म, तिन्ही एकाच वेळी बदला आणि जुन्या लिंक नव्यांकडे वळवा.