नाकाच्या शेंड्याला खळी पडणारी माणसे खरोखरच आढ्यताखोर असतात का?

स्वतःवर फार खूश असलेल्या माणसाच्या नाकाच्या शेंड्याला बोलताना खळी पडते ही समजूत खरी का, आणि ती खळी जन्मजात असते की कमावलेली, असे आपण विचारले आहे. कमावलेली असते. आमच्या भाऊजींच्या लग्नाच्या फोटोत त्यांचे नाक सरळ, गोल आणि निर्व्यंग दिसते. विदर्भातल्या आमच्या वरूड तालुक्यात जावयाला जेवढा मान मिळतो, तेवढ्यात कोणत्याही नाकाला खळी पडावी. तरी भाऊजींची खळी पडली ती आमच्या संत्र्याच्या बागेत, माझ्या वडिलांच्या देखत.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा, ताण तोडण्याच्या वेळी, म्हणजे मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या झाडांना पुन्हा पाणी देण्याच्या वेळी, ते सासुरवाडीला आले होते. मी प्रत्येक झाडाला दुहेरी आळे करून ठेवले होते, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहावे आणि खोड कोरडे राहावे. भाऊजींनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ते पाहिले, खाली उतरून एका झाडाचा आतला वरंबा बुटाच्या टाचेने मोडला, पाणी थेट खोडाला भिडू दिले आणि म्हणाले, "झाडाले पानी बुडाशीच लागते, येवढंही कयत नाई का तुले?" वडिलांनी जावयापुढे मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींचे वरंबे मोडले गेले. त्याच वेळी मी पाहिले की, भाऊजींच्या नाकाच्या शेंड्यावर मुगाचा दाणा बसेल एवढा खड्डा पडला होता.

पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचले आणि कलमाच्या सांध्याजवळून डिंक ओघळू लागला. डिंक्या हा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग आहे आणि ओलसर राहिलेली साल म्हणजे तिला आयते निमंत्रण. आम्ही सडलेली साल खरवडली, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावली. पण सालीचा सडका पट्टा ज्या झाडांच्या खोडाला पूर्ण वेढून बसला होता, ती वाळलीच. दिवाळीला भाऊजी आले, वाळलेल्या ओळीतून मागे हात बांधून फिरले आणि म्हणाले, "म्या तं पयलेच सांगतलं होतं, हे वावर संत्र्याचं नाई." त्यांनी असे कधीही सांगितले नव्हते. खळी मात्र आता पूर्वीपेक्षा खोल होती.

शास्त्राचे म्हणाल, तर पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी जी पद्धत 1978 साली प्रसिद्ध केली, तिच्यात ओठाचा कोपरा आत ओढला जाण्याला 14 हा क्रमांक आहे, आणि तो एकाच बाजूने ओढला गेला की तुच्छता दिसते असे मानले जाते. नाकावरच्या खळीला त्यात क्रमांक नाही. नाकाच्या पडद्याखाली एक लहान स्नायू असतो, त्याच्या ओढीने काहींचा शेंडा हसताना खाली झुकतो. परंतु झुकणे वेगळे आणि खळी वेगळी, आणि हा फरक एकमन आणि फ्रीसन यांना कळला नाही याचे कारण त्यांना आमच्या भाऊजींसारखे जावई मिळाले नसावेत.

आपल्याला कोणाची परीक्षा करायची असल्यास त्यांना शांतपणे विचारावे, "हे आपल्यामुळे तर झाले नाही ना?" साध्या माणसाचे नाक या प्रश्नाने सपाट होते, भाऊजींसारख्यांची खळी अधिक खोल जाते. अर्थात हे सर्व मी एकाच नाकावरून सांगत आहे, उन्हाच्या तिरिपेत कोणत्याही नाकावर सावली पडू शकते, आणि चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर माझा एरवी काडीचाही विश्वास नाही. तेव्हा खळी दिसली म्हणून कोणाला लगेच आढ्यताखोर ठरवू नये. मात्र खळीवाल्या माणसाला पाण्याच्या पाळीच्या दिवशी बागेत उतरू देऊ नये.

वडील अजूनही जमिनीलाच दोष देतात. मग त्यांनी आणि भाऊजींनी मला एवढेच सांगावे की, त्याच धुऱ्यापलीकडची, त्याच काळ्या मातीतली काकांची दुहेरी आळ्यांची बाग यंदाही आंबियाला फुलली कशी?