पुरुषांचे प्रश्न: खर्रा, जोर-बैठका, तीन वाजताची जाग आणि मानेवरच्या पुटकुळ्या

वय 38. दिवसाला पाच-सहा खर्रे होतात. तीन वेळा सोडून पाहिला. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरतं, घरात सगळ्यांवर खेकसतो आणि पुन्हा टपरी गाठतो. बडीशेप, विलायची चघळून काही होत नाही. मनाचा निश्चयच कमी पडतो का? – वाचक, चंद्रपूर

निश्चयाला दोष देऊ नका. निकोटिन बंद झाल्यावरचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि मग उतरत जातो. बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे तुम्ही दर वेळी चढ संपता संपता मागे फिरलात.

खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. बडीशेपेत यातलं काहीच नाही, तेव्हा ती पुरी पडणार कशी? सुपारीचीही स्वतंत्र सवय लागते. म्हणून ‘तंबाखू सोडतो, नुसती सुपारी खातो’ ही तडजोड करू नका. तोंड आखडण्याचा आजार मुख्यतः सुपारीमुळेच होतो.

आधी तोंड तपासा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी ठेवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढुरके किंवा ताठ लागत असतील, तर दंतवैद्याकडे जा. पांढरा वा लाल चट्टा दिसला किंवा एखादं फोड-जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर उशीर करू नका. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

मग आठवडाभर फक्त टिपण ठेवा: खर्रा किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. सहापैकी तीन-चार ठरलेल्या जागी सापडतील. सकाळच्या चहानंतर, जेवणावर, टपरीवर मित्रांसोबत, गाडी चालवताना. या जागांची सोय आधी लावायची. चहा झाला की लगेच उठून दात घासा, जेवणानंतर पाच मिनिटं चाला, टपरीचा रस्ता पहिले दोन आठवडे बदला. सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा, ‘मला विचारू नका.’ ऐन वेळी नकार देणं फार जड जातं. तारीख दोन आठवड्यांच्या आतली धरा. घरात लग्न असेल त्या आठवड्यातली नको.

आता निकोटिनचं च्युइंगम. औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचं मिळतं. बहुतेक लोक ते साध्या च्युइंगमसारखं चावतात आणि ‘उचकी लागली, मळमळलं, उपयोग नाही’ म्हणून फेकतात. भराभर चावलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथे ते फारसं कामी येत नाही. पद्धत अशी: सावकाश चावा. चुणचुण जाणवली की थांबा आणि गोळी गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावून जागा बदला. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, लिंबूपाणी, सोडा काही नको. आंबट वा आम्ल पेयांनी निकोटिन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसात 24 च्या वर नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तोंड कमी उघडत असेल किंवा जबडा दुखत असेल तर चावणं जमणार नाही, अशा वेळी त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल विचारा.

खर्रा सुटला की पोट साफ होत नाही, ही तक्रार बऱ्याच जणांची असते. पुन्हा खर्ऱ्याकडे वळण्याचं ते एक लपलेलं कारण. रात्री एक-दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्या. तलफ काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायला गार पाण्याच्या चुळा, फोन, जिना, काहीही चालेल. एखादा खर्रा खाल्ला गेलाच तर उरलेली पुडी फेका आणि त्याच तासापासून पुढे चला. ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे.

वय 44, काम बैठं. तरुणपणी तालमीत होतो. वीस वर्षांनी पुन्हा जोर-बैठका सुरू केल्या, तर महिन्याभरात मनगटं आणि गुडघे धरले. प्रोटीनची पावडर घ्यावी का? – वाचक, कोल्हापूर

स्नायूंची जुनी ताकद काही आठवड्यांत परत येऊ लागते. स्नायुबंधांना मात्र महिने लागतात. अंगात जोर आल्यासारखं वाटतं, आकडा जुनाच धरला जातो आणि सांधे बोंब मारतात.

दोन आठवडे जमिनीवरचे जोर बंद. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून करा, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. सहा ते आठचे तीन फेरे, दोन-तीन सहज निघाले असते अशा ठिकाणी थांबायचं, एक दिवसाआड. मनगट पूर्ण मागे वाकून त्यावर वजन येतं म्हणून दुखतं. पुश-अप बार धरले की ते सरळ राहतं. कोपरं बाहेर फाकवू नका. खालून वर येताना कंबर लोंबकळू देऊ नका, पोट आवळलेलं ठेवा.

बैठकीत चवड्यांवर उतरलं की गुडघा पुढे जातो आणि वाटीवर भार येतो. सध्या टाचा जमिनीला, मागे खुर्ची. तीन मोजत खाली, ढुंगण टेकलं न टेकलं की वर. दोन आठवड्यांनी खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलेलं असेल तर चालू ठेवा. सूज आली, गुडघा अडकला, तर अस्थिरोगतज्ज्ञ.

जोर-बैठकांत एक उणीव आहे. ढकलणं भरपूर, ओढणं काहीच नाही. दिवसभर संगणकासमोर वाकलेल्या माणसाला तर ओढण्याची गरज जास्त. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून 5 ते 10 किलो वजन करा, कमरेत वाकून पाठ सरळ ठेवा, एक हात पलंगाला, दुसऱ्या हाताने सॅक बरगडीपर्यंत ओढा. प्रत्येक बाजूला दहा, तीन फेरे. चालताना छातीत दाटून येत असेल किंवा रक्तदाब 140/90 च्या वर असेल तर हे सगळं डॉक्टरांना दाखवून.

पावडर लागतेच असं नाही. 70 किलोच्या माणसाला रोज साधारण 58 ग्रॅम प्रथिनं पुरतात. व्यायाम करणाऱ्याने 80-85 धरावीत. शाकाहारी हिशेब: कोरडी 50 ग्रॅम मटकी मोड आणून उसळ, 12 ग्रॅम. अर्धा लिटर दूध, 16. चार पोळ्या, 12. कोरडे सोयाबीन चंक्स 50 ग्रॅम, 26. मूठ-दीड मूठ फुटाणे, 10. वरण, 7. झाले 83. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही. पोह्यांवर शेंगदाणे वाढवा, शेव नको.

रोज पहाटे तीनला जाग येते आणि मग कर्ज, मुलाची ॲडमिशन, सगळं डोक्यात फिरत राहतं. वय 51. – वाचक, ठाणे

आधी साधी कारणं काढून टाका. रात्री दोन पेग होत असतील तर तेच. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. संध्याकाळी पाच-सहाचा चहा रात्री अकरापर्यंत निम्मा अंगात असतो. लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट तपासा. घोरता आणि सकाळी डोकं जड असेल तर झोपेतला श्वास तपासून घ्या.

यापैकी काही नसेल तर घड्याळाकडे बघू नका. साधारण वीस मिनिटं तळमळत आहात असं वाटलं की अंथरूण सोडा, खुर्चीत बसा, मंद दिवा, कंटाळवाणं वाचन, फोन नाही. डोळे जड झाले की परत. सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच. दुपारची झोप वीस मिनिटांवर नाही. काळजीसाठी संध्याकाळी सातची वेळ द्या: वहीत एका बाजूला अडचण, दुसऱ्या बाजूला उद्या करायचं एकच काम. ‘कर्ज’ असं नाही, ‘बँकेत हप्ता लांबवण्याबद्दल विचारणे’ असं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशात रस नसेल, भूक गेली असेल, तर हा झोपेचा आजार नव्हे, नैराश्य असू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा.

दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात. मलम सुचवा. – वाचक, नाशिक

कापलेला केस वळून परत त्वचेत घुसतो, म्हणून. तीन-चार आठवडे ब्लेड बंद ठेवून ट्रिमरने एक मिलिमीटर केस राहू द्या. पुन्हा सुरू कराल तेव्हा कोमट पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं, एकाच पात्याचा रेझर, त्वचा ताणायची नाही आणि केस ज्या दिशेला लवतात त्याच दिशेने. मानेवर ही दिशा ठिकठिकाणी वेगळी असते, आधी बोट फिरवून पाहा. पातं पाच-सात दाढ्यांनंतर टाका. दुकानदार देतो ती स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, त्याने त्वचा पातळ पडते. पू धरलेला असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.