छोट्या धंद्याला सोशल मीडिया खरंच लागतं का?
सगळ्यांनाच लागतं असं काही नाही, गिऱ्हाईक तुम्हाला शोधतं कुठं ते आधी बघा. नळ फुटल्यावर कोणी रील्स बघत बसत नाही, सरळ गूगलवर सर्च मारतो आणि ज्याचे रिव्ह्यू बरे दिसतील त्याला फोन लावतो, म्हणून प्लंबर, इलेक्ट्रिशियन वगैरेंनी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आपल्या धंद्याची माहिती दाखवणारं पान, फुकट असतं) नीट भरून ठेवलं, टायमिंग, फोटो, चालू नंबर, तरी पुष्कळ झालं. केक, कपडे, मेकअप असलं बघून पसंत करायचं काम असेल तर मात्र इन्स्टा पाहिजेच. पण पेज काढून सोडून देऊ नका राव, शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची दिसली की लोकांना वाटतं धंदा बंद पडला. रोज पोस्ट टाकायला वेळ नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग टाका, जुनी गिऱ्हाइकं तिथूनच ऑर्डर देतात.