चर्चचा तरुण संघ चालवताना थकलास तर

रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो, असं तू म्हणालास. तुझा विश्वासच कमी पडतोय असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. बायबलातला १ राजे, अध्याय १९ वाच. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांना हरवल्यावर एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. आधी झोप, भाकर, पाणी. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं नंतर.

रविवार हा आपला राबायचा दिवस. विसाव्याला दुसरा वार धर आणि पाळकसाहेबांना तसं स्पष्ट सांग. डिसेंबरातल्या कॅरल फेऱ्या (घरोघरी नाताळगाणी) आणि मे महिन्यातली सुट्टीतली बायबल शाळा (तीही बीड-जालन्याच्या उन्हात!) माणसाला पिळून काढतात. त्या दोन्हींच्या पुढचा आठवडा आत्ताच मोकळा ठेव.

दिवाळीच्या सुमारास काही पोरं घरच्यांसोबत ऊसतोडीला जातात, काही पुण्याला कामाला. संघात चार डोकी उरतात. ते अपयश स्वतःच्या नावावर लिहू नकोस, चौघांचाच संघ चालव.

बायबलात निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला दहा-दहांवरसुद्धा नायक नेमायला सांगतो. तू मात्र वाजवायची पेटी, चाव्या, हजेरी, संदेश सगळं स्वतःकडे ठेवलंयस. पेटी त्या बारावीतल्या मुलीकडे दे. चुकेल थोडी, चुकू दे.

आणि विसावा घेऊनही दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठ. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.